हे किती दिवस चालायचं?

बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात, रोज सकाळी फलकापाशी बैठक आणि कामाच्या नोंदी टॅब्लेटवर, अशा नव्या पद्धतीच्या शुभारंभाचा नारळ फुटला, पेढे वाटून झाले, धाकट्या शेठचे भाषण झाले आणि "कुणाला काही विचारायचे आहे का?" या प्रश्नावर रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे पाहिले. माणसे पांगू लागल्यावर वाइंडिंग, म्हणजे तारेचे वेढे गुंडाळून कॉइल बनवण्याच्या, विभागातले सर्वांत जुने कारागीर, ज्यांना सगळा कारखाना भाऊ म्हणतो, माझ्याजवळ आले. "साहेब, हे किती दिवस चालायचं?" एवढेच विचारून, उत्तरासाठी न थांबता, ते हात धुवायला निघून गेले. स्वरात उपरोध नव्हता, तक्रारही नव्हती. चौकशीच्या खिडकीवर गाडी किती वाजता सुटते हे विचारावे तितक्या कोरडेपणाने त्यांनी ते विचारले होते. संध्याकाळी घरी जाताना, दांडिया बाजारातल्या गर्दीतून वाट काढतानाही माझ्या डोक्यात तेच वाक्य घोळत होते.

शुभारंभाच्या आधी आम्ही संभाव्य प्रश्नांची उत्तरे तयार करून ठेवली होती. टॅब्लेट बिघडला तर नोंद कुठे करायची, ज्यांना लिहिण्या-वाचण्याची अडचण आहे त्यांनी काय करायचे, सकाळच्या बैठकीची दहा मिनिटे पाळीत धरायची की पाळीबाहेर, वेळेच्या नोंदींवरून कुणाचा बोनस कापला जाणार आहे का, या सगळ्यांवर आमच्याकडे ठाम आणि बऱ्यापैकी खरी उत्तरे होती. मुदतीचा प्रश्न मात्र यादीत नव्हता. नवी पद्धत आणणारा माणूस ती कायमचीच आणतो आहे असे धरून चालतो, आणि ज्याच्यावर ती येते तो मागच्या अनुभवावरून तिचे आयुष्य मोजत असतो. दोघांचे हे हिशेब एकाच छताखाली चालतात, पण त्यांची गाठ सहसा पडत नाही. भाऊंनी ती घालून दिली.

व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणवर्गांत 'बदलाला होणारा विरोध' या विषयासाठी एक अख्खा तास राखलेला असतो आणि भाऊंसारख्या माणसाला त्या तासात बसवणे फार सोपे असते. वय पन्नाशीच्या पुढे, शिक्षण बेताचे, कारखान्यात उभी हयात गेलेली. पण हा माणूस हाताने फिरवायच्या वाइंडिंग मशीनवर काम शिकला, मोटरच्या मशीनवर आला, गोल तारेवरून तांब्याच्या चपट्या पट्टीवर आला, आणि पट्टी वळवताना लाकडी हातोडी किती जोरात मारायची हे त्याला कुणी शिकवले नव्हते, त्याने ते आवाजावरून बसवले. सेव-उसळीच्या गाडीवर मी सुट्टे पैसे शोधत असतो तेव्हा भाऊंनी क्यूआर कोडवर पैसे भरून टाकलेले असतात. ज्या बदलाचा उपयोग दिसतो, तो त्यांनी कुणाच्या भाषणाविना स्वीकारलेला आहे. त्यामुळे त्यांचा प्रश्न विरोधाचा नव्हता. या नव्या गोष्टीत आपण किती जीव ओतायचा, हे त्यांना ठरवायचे होते, आणि त्यासाठी लागणारी एकच माहिती त्यांच्याकडे नव्हती.

ती माहिती त्यांना भिंतीवरून मिळत होती, आणि भिंतीचे म्हणणे आमच्या बाजूचे नव्हते.

वाइंडिंग विभागाच्या उत्तरेकडच्या भिंतीजवळ उभे राहिले की आमच्या कारखान्यातल्या बदलांचा इतिहास एका नजरेत वाचता येतो. आयएसओ ९००१ या प्रमाणपद्धतीच्या २०००, २००८ आणि २०१५ या तीनही आवृत्त्यांच्या वेळचे 'गुणवत्ता धोरण' तिथे तीन वेगवेगळ्या चौकटींत टांगलेले आहे. मजकूर जवळपास तोच आहे, सह्या मात्र बदललेल्या आहेत. शेजारी सूचनापेटी आहे, जिची किल्ली कुणाकडे आहे हे आज कुणीही सांगू शकत नाही. तिच्याखाली जपानी 'फाइव्ह एस'चा तक्ता आहे, आणि त्यातल्या पाच पायऱ्यांपैकी निवड, मांडणी आणि सफाई या पहिल्या तिन्हींचे आधीचे-नंतरचे फोटो अजून चिकटलेले आहेत. चौथी पायरी नियम बसवण्याची आणि पाचवी ते अंगवळणी पाडण्याची, त्या रकान्यांत फोटो नाहीत. ज्याचा फोटो निघत नाही ते आमच्याकडे सहसा होत नाही, हे माझे जुने मत आहे. कोपऱ्यातला फिकट झालेला पिवळा पट्टा एकेकाळी 'इथे काही ठेवू नये' असे सांगत असे. आता त्याच्यावर क्रेप कागदाच्या रिकाम्या नळकांड्यांची रास असते. नवा फलक आम्ही नेमका याच भिंतीवर लावला होता, कारण बाकीच्या भिंतींना खिडक्या आहेत.

दुसऱ्या दिवशी मी धाकट्या शेठना भाऊंचा प्रश्न सांगितला. ते बाहेर शिकून आलेले, तडफदार, मनाने साफ आणि घाईतले आहेत. त्यांच्या घाईला कारणही आहे, कारण बडोद्यात ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्यांची कमतरता नाही आणि माल वेळेवर न देणाऱ्याला गिऱ्हाईक दुसऱ्यांदा विचारत नाही. "कायमचं आहे म्हणून सांगा," ते म्हणाले. कायमचे असे सांगितले तर त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, त्यापेक्षा एक तारीख द्यावी, असे मी सुचवले. "तारीख दिली तर लोक त्या तारखेची वाट बघत बसतील," ही त्यांची हरकतही खोटी नव्हती. बराच वेळ घासाघीस होऊन असे ठरले की दिवाळीपर्यंत ही पद्धत काहीही झाले तरी चालेल, रोज चालेल, आणि दिवाळीनंतर काय ठेवायचे व काय काढायचे हे विभागातल्या माणसांबरोबर बसून ठरवले जाईल. मी ते भाऊंना त्यांच्या मशीनजवळ जाऊन सांगितले. त्यांनी हातातली पट्टी शेवटच्या वेढ्यापर्यंत नेली, क्लॅम्प आवळला आणि "मग ठीक," म्हणाले.

नवी पद्धत तशी साधी होती. रोज सकाळी प्रत्येक विभागाने फलकापाशी दहा मिनिटे उभे राहायचे, कालचे काम, आजचे काम आणि अडलेले काम बोलायचे, आणि प्रत्येक कॉइलच्या टप्प्यांच्या वेळा जॉब कार्डऐवजी टॅब्लेटवर नोंदवायच्या. जॉब कार्ड म्हणजे कॉइलला तारेने बांधलेला जाडसर पुठ्ठा. त्यावर वार्निशचे डाग, तेलकट अंगठे आणि कोपऱ्यात कुणीतरी केलेला चहाचा हिशेब असे. त्याच्या तळाला 'शेरा' नावाचा रकाना होता. भाऊ त्या रकान्यात बोटभर पेन्सिलीने लिहीत असत: 'वायर कडक', 'नळी बारीक', 'कागद ओलसर'. टॅब्लेटमध्येही शेऱ्याची सोय होती, पण ती तयार पर्यायांच्या यादीतून निवडायची होती, आणि ती यादी बनवणाऱ्या कंपनीने 'साहित्य अनुपलब्ध', 'यंत्र बंद' असे शिस्तशीर पर्याय दिले होते. कागद ओलसर असू शकतो हे त्यांच्या गावी नव्हते.

ट्रान्सफॉर्मरच्या धंद्यात ओलसर कागद ही बारीकसारीक गोष्ट नव्हे. वेढ्यांमधला कागद हवेतला दमटपणा शोषून घेतो, म्हणून गुंडाळलेली कॉइल पुढे तासन्‌तास ओव्हनमध्ये सुकवावी लागते. मुळात कागदच ओला आला तर ओव्हनचे तास वाढतात, पुढच्या विभागाची रांग लांबते, आणि इतके करूनही ओल राहिली तर चाचणीत इन्सुलेशनचा, म्हणजे वीज अडवून धरण्याच्या क्षमतेचा, आकडा खाली येतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला एका सकाळी, फलकापाशी, भाऊंनी यादीबाहेरचे ते दोन शब्द तोंडी सांगितले. त्या दिवशी धाकटे शेठ स्वतः हजर होते. त्यांनी कागद कुठे ठेवतात असे विचारले आणि सगळे घोळक्याने स्टोअरकडे चालू लागले. रोलचा रॅक मालाच्या मोठ्या दाराशेजारी होता. ट्रक आत घेताना शटर वर गेले की पावसाची झड थेट त्याच्यावर येत होती. रोलवरचे प्लास्टिक दोन ठिकाणी फाटलेले होते आणि बोट लावले की कागद कुरकुरीत न लागता मऊ लागत होता. दुपारपर्यंत रॅक आतल्या खोलीत गेला. पेन्सिलीने लिहिलेला तोच शेरा कितीतरी पावसाळे जॉब कार्डांवरून फायलीत जात होता. फाइल वाचणारा माणूस आणि रॅक हलवायला सांगू शकणारा माणूस यापूर्वी एका वेळी एका जागी उभे राहिले नव्हते, एवढाच काय तो फरक होता.

यानंतरचे काही आठवडे, माझ्या नोकरीत क्वचित पाहिलेले, चांगले होते.

मग निविदांचा हंगाम आला, बँकेची कर्जमर्यादा वाढवून घेण्याची धावपळ आली, बाहेरगावच्या प्रदर्शनाची तयारी आली, आणि धाकट्या शेठची सकाळची हजेरी रोजची एक दिवसाआड, एक दिवसाआडची आठवड्यातून एकदा आणि पुढे 'जमेल तशी' झाली. बैठक बंद पडली नाही. बंद पडली असती तर निदान कळले असते. माणसे वेळेवर उभी राहत, कालचे आकडे सांगत, आजचे आकडे सांगत. पण फलकावरचे अडलेल्या कामाचे लाल ठिपके कमी होत गेले, आणि एका महिन्यात सगळा फलक हिरवा झाला, तेव्हा कार्यालयात आनंद आणि माझ्या पोटात गोळा अशी स्थिती होती. ज्या कारखान्यात एकही अडचण नाही असा फलक सांगतो, तिथे अडचण सांगून काही होत नाही हे लोकांनी ओळखलेले असते. ऐकणारा नसेल तर बोलायचे कशाला, या हिशेबात मला कामचुकारपणा दिसत नाही. मी स्वतः मोठ्या साहेबांच्या बैठकींत पुष्कळ वर्षे हेच करत आलो आहे.

या विषयावर लिहिणाऱ्या अभ्यासकांनी ही झीज फार पूर्वी ओळखली होती. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी १९४७ साली समूहाच्या वागण्यातला बदल तीन अवस्थांत मांडला: आधीची घट्ट बसलेली सवय सैल करणे, पुढे सरकणे आणि नव्या पातळीवर पुन्हा घट्ट होणे. आमच्याकडच्या सादरीकरणांत पहिल्या दोन अवस्थांना भरपूर पाने मिळतात आणि तिसरी शेवटच्या पानावर आभाराच्या वर उरते. जॉन कॉटर यांनी १९९५ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त मोठ्या संस्थांचे बदल का फसतात याची आठ कारणे दिली, त्यांतले सातवे म्हणजे विजय फार लवकर जाहीर करणे. आम्ही तर शुभारंभालाच पेढे वाटले होते.

पण या पुस्तकी मंडळींपेक्षा मला आपल्या शेजारच्या अहमदाबादचे उदाहरण अधिक जवळचे वाटते. कॅलिको मिलमध्ये १९५२ साली स्वयंचलित माग बसवले गेले आणि तरीही कापड अपेक्षेइतके निघेना, तेव्हा कामाच्या ठिकाणच्या माणसांच्या संबंधांचा अभ्यास करणाऱ्या, लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तिथे आले. त्यांना दिसले की २२४ माग आणि २९ माणसे अशा त्या खात्यात बारा प्रकारची कामे वाटून दिलेली होती, आणि कोण कुणाबरोबर आहे याला काही आकारच नव्हता; एखादा माग थांबला की तो कुणाचा, हे सांगता येत नव्हते. काही मागांचा एक गट आणि त्या गटाची पूर्ण जबाबदारी घेणारी मोजकी माणसे अशी कल्पना पुढे आल्यावर कामगारांनी आणि मुकादमांनी ती उचलली, आपले गट आपणच जुळवले, आणि माल वाढून खराब कापड कमी झाले. ही गोष्ट बहुतेक ठिकाणी इथेच संपवतात. पण टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर १९७० मध्ये पुन्हा त्या मिलमध्ये गेले, आणि त्यांना एका खात्यात गटपद्धती जवळपास जशीच्या तशी टिकलेली दिसली, तर इतरत्र ती कमी-अधिक मागे सरकलेली होती. एकाच मिलमध्ये, एकाच सुरुवातीतून, दोन्ही गोष्टी घडल्या होत्या. भाऊंना हे सांगितले असते तर त्यांना नवल वाटले नसते.

बडोद्यात राहून सयाजीरावांचे नाव न घेता बदलाविषयी बोलणे अशक्यच आहे, आणि त्यांचे नाव घेतले की भाबडेपणा येण्याचा धोकाही असतो. तरी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा क्रम पाहण्यासारखा आहे. १८९३ साली ते फक्त अमरेली भागात सुरू झाले आणि संपूर्ण राज्याला लागू व्हायला १९०६ उजाडले. मधली तेरा वर्षे हुकूम नव्हता म्हणून गेली नाहीत. हुकूम काढायला महाराजांना एक दिवस पुरला असता. अर्थात राजाला एक सोय होती, त्याची बदली होत नव्हती. आमच्यासारख्या पगारी माणसांना दुसरे उदाहरण अधिक लागू पडते. ग्रंथालयांची व्यवस्था उभी करण्यासाठी १९१० साली अमेरिकेहून आणलेले विल्यम बॉर्डन तीन वर्षांत परत गेले, पण ग्रंथालये त्यांच्याबरोबर गेली नाहीत. त्या योजनेत गावाने आपली रक्कम उभी केली की तेवढीच प्रांत पंचायत आणि तेवढीच सरकार घालीत असे. ज्या गावाने वर्गणी काढली त्या गावाला कपाट कुणाचे आहे हे सांगावे लागत नव्हते. आमच्या फलकात वाइंडिंगच्या माणसांचे काय होते? जागा आमची, रकाने आमचे, रंग आमचे. त्यांचा होता तो शेऱ्याचा रकाना, आणि नेमका तोच आम्ही बंद यादीत टाकला होता.

तारीख जाहीर करणे आणि काम पूर्ण होणे यांतले अंतर याच शहरात १९०८ साली सुरू झालेल्या बँकेच्या बाबतीतही दिसले. बँक ऑफ बडोदामध्ये देना आणि विजया या दोन बँका १ एप्रिल २०१९ रोजी विलीन झाल्या आणि त्यांच्या ३,८९८ शाखा एका व्यवस्थेत आणण्याचे काम डिसेंबर २०२० मध्ये पूर्ण झाले. बातमी एका दिवसाची होती. खाती, संगणक, पाट्या आणि माणसांच्या सवयी यांना दीड वर्षाहून अधिक लागले, आणि मध्ये महामारीही येऊन गेली.

आणखी एक गोष्ट मला त्या काळात हळूहळू उमगली, ती म्हणजे आमच्याकडे नवे येते पण जुने जात नाही. टॅब्लेट आला तरी जॉब कार्ड चालूच होते, कारण गिऱ्हाईकाचा तपासनीस ते मागतो असे गुणवत्ता विभागाचे म्हणणे होते. स्टोअरचे रजिस्टर चालू होते, कारण लेखापरीक्षक ते मागतो असे लेखा विभागाचे म्हणणे होते. प्रत्यक्षात चौकशी केली तेव्हा तपासनीसाला फक्त सहीची छापील प्रत हवी होती, आणि ती टॅब्लेटमधूनही निघत होती. म्हणजे प्रत्येक सुधारणेबरोबर कारागिराच्या दिवसात एक नोंद वाढत गेली होती, आणि ती बंद करण्याचा अधिकार कुणाकडे आहे हे कुठल्याही चौकटीत लिहिलेले नव्हते. मोठे शेठ, म्हणजे धाकट्यांचे वडील, या बाबतीत वेगळे होते. त्यांनी भाषण कधी केले नाही. त्यांच्या वेळी नवा ओव्हन आला तेव्हा जुना ओव्हन दुसऱ्याच दिवशी भंगारवाल्याला देऊन टाकला, आणि पुढचे कित्येक दिवस ते रात्रपाळीला स्वतः खुर्ची टाकून बसत, असे जुने लोक सांगतात. त्यात हुकूमशाही पुष्कळ होती, माणसे त्यांना घाबरत, आणि ती पद्धत आज चालणार नाही, चालूही नये. पण किती दिवस चालायचे हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसेल, कारण परतीची सोयच उरलेली नव्हती आणि शेठ तर समोरच बसलेले होते.

दिवाळीनंतर, कबूल केल्याप्रमाणे, आम्ही वाइंडिंगच्या माणसांबरोबर बसलो. खरे तर बऱ्याच जणांना ती बैठक होईल असे वाटले नव्हते, आणि ती झाली हाच तिचा निम्मा परिणाम होता. दाहोदकडच्या दोन पोरांनी गुजरातीत, भाऊंनी मराठीत आणि बाकीच्यांनी कारखान्याच्या त्या ठरीव मिसळ हिंदीत सांगितले की रोज उभे राहण्याइतके बोलण्यासारखे नसते, आठवड्यातून तीन दिवस पुरेत. शेऱ्याची यादी काढून तिथे आपल्या भाषेत बोलून नोंद करण्याची सोय द्या. आणि जॉब कार्ड तरी बंद करा, नाहीतर टॅब्लेट तरी. तीन दिवसांची कल्पना धाकट्या शेठना मागे सरकल्यासारखी वाटली आणि त्यांनी ती नाराजीनेच मान्य केली. जॉब कार्डाची छपाई त्या महिन्यापासून थांबली. मंगळवारची बैठक त्यांनी स्वतःकडे घेतली आणि बहुतेक मंगळवार ते येतात. जेव्हा येत नाहीत तेव्हा आदल्या दिवशी कळवतात, ही मी मागून घेतलेली सवलत आहे. फलकावर पुन्हा लाल ठिपके दिसू लागले आहेत. कार्यालयातल्या काही जणांना त्याचे वाईट वाटते.

आता खरेदी विभागासाठी नवे सॉफ्टवेअर घ्यायचे घाटते आहे. विक्रेत्याचे सादरीकरण देखणे होते, शुभारंभाचा मुहूर्तही जवळजवळ ठरला होता. मी धाकट्या शेठच्या टेबलावर एका पानाचे टिपण ठेवले असून त्यात दोनच गोष्टी विचारल्या आहेत: हे सुरू होईल त्या दिवशी खरेदीची कोणती रजिस्टरे बंद होतील, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत दर आठवड्याला त्या विभागात कोण जाऊन उभे राहील. पहिल्याचे उत्तर त्यांनी रजिस्टरांची नावे लिहून लगेच दिले. दुसऱ्यासमोर त्यांनी आधी माझे नाव लिहिले होते; मी ते खोडून टिपण परत पाठवले आहे, आणि त्यांनी गुरुवारी बोलू असे सांगितले आहे.